अठरा फुटांचा चढ

बांधकामावर सगळे त्याला ओळंबा मिस्त्री म्हणत, कारण भिंत असो की माणूस, वाकडं काही त्याला खपायचं नाही. परांची मोडून तो दुसऱ्या मजल्यावरून पडला, पाठीचा मणका मोडला आणि कमरेखालचं अंग कायमचं गेलं. तिसऱ्या दिवशी इस्पितळात व्यायाम घेणाऱ्या बाईंना म्हणाला, "हात तर माझेच आहेत ना?"

मग पाच महिने त्याने त्या बाईंचा पिच्छा पुरवला. पलंगावरून चाकाच्या खुर्चीत सरकायला शिकला. दर पंधरा मिनिटांनी दोन्ही हातांवर अंग उचलून धरायला शिकला, नाहीतर बसल्या जागी जखमा होतात आणि कळतही नाही. लघवीची नळी स्वतः घालायला शिकताना मात्र ढसाढसा रडला. त्याला हवं होतं एकच, आपल्या घरात आपल्या हातांनी शिरायचं. पोत्यासारखं उचलून घेतलेलं त्याला चालणार नव्हतं.

घरी आला तेव्हा धाकट्या भावाने दाराशी नवाकोरा रॅम्प बांधून ठेवला होता. भाऊही गवंडीच. शेजारी धक्का द्यायला सरसावले.

"कुणी हात लावायचा नाही!" मिस्त्री ओरडला आणि त्याने चाकं रेटली. निम्म्यावर पुढची चाकं उचलली गेली, खुर्ची मागे कलंडली. भावाने धरली म्हणून डोकं वाचलं.

"दीड फुटाच्या जोत्याला लांबी किती घेतलीस रे?"

"सहा फूट. तूच शिकवलंस ना दादा? स्कूटर चढली की रॅम्प झाला."

बावीस वर्षं मिस्त्रीने स्वतः असेच बांधले होते, आणि वर ऐटीत बांधले होते.

"चुकीचं शिकवलं. फोड हा. बाई सांगायच्या, एक फूट उंचीला बारा फूट लांबी. म्हणजे अठरा फूट पाहिजे."

"अठरा? रस्त्यावर जाईल की!"

"भिंतीच्या कडेने वळव."

बायकोने कपाळाला हात लावला. "अहो, आजच्या दिवस उचलून घेऊ दे ना. पाच महिने वाट बघितलीय मी."

"आणखी दहा दिवस बघ."

तिने अबोला धरला, पण भिंतीकडेच्या कुंड्या तिनेच हलवल्या. मिस्त्री भावाच्या खोलीत राहिला, ती जमिनीलगत होती. रोज येऊन खुर्चीतूनच चढाच्या मापाची दोरी धरायचा, भावाला शिव्या घालायचा. चाकं घसरू नयेत म्हणून ओल्या सिमेंटवर झाडूने ओरखडे त्यानेच काढले.

दहाव्या दिवशी तो चढला. वळणावर थांबून दम खाल्ला. दारात उभ्या बायकोने हात पुढे केला आणि पटकन पाठीमागे घेतला. तो उंबऱ्याच्या आत आला तेव्हा तीच आधी रडली.

घोटभर पाणी पिऊन त्याने भावाला विचारलं, "शाळेचा रॅम्प आपणच बांधलाय ना? आणि दवाखान्याचा?"

"हो. पण ते लोक फोडू देतील का?"

"तिथल्या साहेबाला माझ्या खुर्चीत बसवायचं. चढून दाखवा म्हणायचं."