ब्रेकमास्तरांचा उजवा पाय

ब्रेकमास्तरांच्या उजव्या पायाला स्वतःचं वेगळं डोकं आहे, असं त्यांच्या बायकोचं लग्नाच्या पहिल्या वर्षापासूनचं मत. मास्तर लोकांना गाडी चालवायला शिकवतात. शिकवणीच्या गाडीत शिकणाऱ्याच्या पायाशी असतात तसे क्लच आणि ब्रेक शेजारी बसणाऱ्याच्या पायाशीही असतात, आणि त्या शेजारच्या सीटवर मास्तरांची निम्मी हयात गेली. शिकणारा आता दुधाच्या टेम्पोवर जाऊन आदळणार असं दिसलं, की मास्तर ओरडत नाहीत, त्याचा हात धरत नाहीत. नुसता पाय दाबतात. गाडी जागच्या जागी उभी राहते. मग लोण्यासारख्या आवाजात म्हणतात, "काही नाही, काही नाही. पुन्हा घ्या."

या लोण्यावर भाळूनच गावभरचे घाबरट लोक त्यांच्याकडे शिकायला येतात.

पंचाईत एवढीच, की संध्याकाळी घरी येऊन गाडीची किल्ली खिळ्याला अडकवली तरी पाय काही सुटीवर जात नाही. जेवताना कुणाची वाटी टेबलाच्या कडेला सरकली, दाबला पाय. टीव्हीवरची नायिका नको त्या माणसावर विश्वास ठेवायला निघाली, दाबला पाय. बायकोने आमटीत दुसऱ्यांदा मीठ घालायला चमचा उचलला, की टेबलाखाली 'टप्'.

"अहो, आमटीला ब्रेक नसतो," ती म्हणायची. "चपला दाराबाहेर काढता ना, तसा हा पायही तिथेच ठेवत जा."

बायको औषधांच्या दुकानात काम करते. डॉक्टरांचं अक्षर लावून लावून तिला माणसंही लावता येऊ लागली आहेत, त्यामुळे तिच्यापुढे मास्तर सहसा वाद घालत नाहीत. पायाचा विषय निघाला की पेपर उघडून बसतात.

या दोघांची एकुलती एक लेक बटण. नाक बटणाएवढं म्हणून बटण. पहिली-दुसरीत गाणी म्हणत, चित्रं रंगवत वर चढलेल्या बटणाला तिसरीत एकदम गणिताची चाचणी नावाचा प्राणी भेटला, आणि घरातली हवाच बदलली. त्यात पालकांचा फोनवरचा ग्रुप. वर्गात पहिली येणाऱ्या मुलीची आई दर चाचणीच्या आदल्या दिवशी तिथे लिहायची, 'आमचा सराव केव्हाच झाला, आता आम्ही पतंगाचं चित्र काढतोय.' ते वाचलं की इतर सगळ्या आया आपापल्या पोरांच्या हातातलं खेळणं काढून घ्यायच्या. मास्तर त्या ग्रुपवर एकटेच वडील. तेही बटणाचा चेंडू कपाटावर ठेवून द्यायचे.

जगाला लोणी वाटणारे मास्तर लेकीला शिकवायला बसले की मात्र हिरवी मिरची. "हातचा एक कुठे गेला? कुठे गेला हातचा? कुणी नेला?" असं ते विचारायचे, जणू घरात चोरी झाली आहे. बटण खरंच इकडेतिकडे बघायची.

शेवटी एका संध्याकाळी बायकोने लाटणं खाली ठेवलं. "त्या बँकेतल्या मॅडमनी परवा गाडी फुलवाल्याच्या बादल्यांत घातली, तेव्हा काय म्हणालात त्यांना?"

"पुन्हा घ्या म्हणालो."

"मग हिने एक हातचा सोडला तर घर कशाला डोक्यावर घेता? लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!"

मास्तरांना ते लागलं. माणूस मुळात मऊ. त्यांनी त्याच दिवशी ठरवलं की यापुढे शिकवताना एक शब्द बोलायचा नाही, कपाळाला आठी घालायची नाही. गणितं घालायची आणि समोर मूग गिळून बसायचं. आणि त्यांनी तो नेम पाळलाही. तोंडाला कुलूप घातलं. कुलूप फक्त तोंडाला घातलंय, हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही.

आणि काय चमत्कार! न ओरडता बटणाची सगळी गणितं बरोबर यायला लागली. वजाबाकी बरोबर, पाढे बरोबर. मध्ये जरा थांबायची, खोडायची, पण शेवटी उत्तर बरोबर. मास्तरांनी फोनच्या ग्रुपवर लिहिलंसुद्धा, 'प्रेमाने घेतलं की मुलं शिकतात.' पहिल्या नंबरच्या आईने त्यावर अंगठा दाखवला. तो मास्तरांनी बायकोला जेवताना दाखवला, आणि जेवण झाल्यावर पुन्हा एकदा दाखवला.

मग चाचणी झाली आणि बटणाचा निम्मा पेपर कोरा आला.

मास्तरांचा विश्वासच बसेना. पेपर कठीण असेल, पेन्सिल बोथट असेल, डोक्यावर पंखा गरगरत असेल. बायको म्हणाली, "पंख्याला कशाला दोष? तो बाकीच्यांच्याही डोक्यावर होता." एवढ्यात शाळेतून बोलावणं आलं.

तिसरीच्या वर्गात पालकांना बसायला मुलांचेच बाक. मास्तर त्या बाकात असे घुसले की गुडघे थेट हनुवटीला टेकले. वर्गाच्या बाई वयाने तरुण होत्या, पण आवाज डॉक्टरिणीसारखा, सावकाश.

"येत नाही असं नाही हो तिला. पेन्सिल टेकवते आणि थांबते. मग बाकाखाली बघते. मला वाटलं रबर पडलं असेल. विचारलं तर म्हणाली, काही नाही. पुन्हा लिहायला घेते, पुन्हा बाकाखाली."

"बाकाखाली काय असतं?" मास्तरांनी विचारलं.

"काहीच नसतं. म्हणून तर तुम्हाला बोलावलं."

सोमवारी पुन्हा एक चाचणी होणार होती. तीही अशीच गेली तर बटणाला गणिताच्या तासाला दुसऱ्या खोलीत, दुसऱ्या बाईंकडे बसावं लागणार होतं. "ही शिक्षा नाही हं," बाई दोनदा म्हणाल्या. मोठ्या माणसांना ते पटलं. बटणाला कसं पटणार? तिच्या बाकावर तिच्याशेजारी खारूताई बसते. पुढचे दोन दात पडलेली, खिशात कायम शेंगदाणे असलेली, जगातली सर्वांत विश्वासू व्यक्ती.

"मी गेले तर गणिताला तिच्याशेजारी कोण बसेल?" बटणाने घरी येऊन विचारलं आणि ओठ काढले. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या पोटात दुखायला लागलं. औषधांच्या दुकानात काम करणाऱ्या आईने पोटावर हात फिरवला आणि म्हणाली, "याचं औषध आमच्याकडे मिळत नाही."

मास्तरांनी त्या दिवसापासून सराव दुप्पट केला. पुन्हा तेच. घरी सगळं बरोबर. बरोबर उत्तरं बघून एरवी माणूस खूश होतो. मास्तरांचा मात्र जीव टांगणीला लागला.

शुक्रवारी फुलवाल्याच्या बादल्या उडवणाऱ्या त्या बँकेतल्या मॅडमची लायसन्सची परीक्षा होती. पन्नाशीची बाई, हाताखाली चाळीसेक माणसं, पण स्टिअरिंग धरलं की घाम फुटायचा. तरी गेल्या काही दिवसांत चांगली गाडी चालवत होत्या. मास्तर मैदानाच्या कडेला चहा पीत उभे होते. मॅडम आल्या त्या तोंड पाडूनच.

"पहिल्याच वळणावर गाडी बंद पडली, मास्तर."

"अहो, कालच तर ते वळण तुम्ही झोपेतही घ्याल असं घेतलंत!"

"काल तुम्ही होता ना शेजारी." मॅडमनी पदराने घाम पुसला. "आता हसू नका, पण खरं सांगते. तुम्ही असता तेव्हा मी रस्त्याकडे बघतच नाही. डोळ्याच्या कोपऱ्यातून तुमच्या गुडघ्याकडे बघते. गुडघा हलला की समजते, आपलं चुकतंय. तुमचा पाय माझ्यापेक्षा हुशार आहे हो. आज शेजारी परीक्षा घेणारे साहेब बसले होते. त्यांचा गुडघा म्हणजे दगड!"

मास्तर हसले. चांगले खळखळून हसले. आणि हसता हसता त्यांचा चहाचा कप हातातच राहिला.

संध्याकाळी त्यांनी बटणाला समोर बसवलं आणि पहिल्यांदाच वहीकडे न बघता लेकीच्या डोळ्यांकडे बघितलं. सात आठे किती? बटणाने पाच लिहिला. पुढे चार लिहायला पेन्सिल वळली. मास्तरांनी श्वाससुद्धा घेतला नव्हता, पण टेबलाखाली 'टप्' झालं. बटणाचे डोळे गुपचूप खाली गेले आणि वर आले. चारचं पोट खोडलं गेलं. तिथे सहा आला. छप्पन्न.

"बटणा," मास्तर हळूच म्हणाले, "खाली काय बघितलंस?"

"तुझा पाय," बटण म्हणाली, जणू घड्याळात किती वाजले ते सांगावं. "तो सांगतो ना. शाळेत तो नसतो."

स्वयंपाकघरातून भांडं पडल्याचा आवाज आला. बायको हसत होती की काय, ते कळलं नाही. बाहेर आली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती म्हणाली, कांदा चिरत होते. ओट्यावर त्या वेळी भेंडी होती.

शनिवारी घरात पायाचा बंदोबस्त सुरू झाला. आधी मास्तरांनी उजव्या पायावर डावा पाय ठेवून त्याला दाबून धरलं. उत्तर चुकायला लागलं की दोन्ही पाय मिळून दाबायला लागले. मग खुर्चीवर मांडी घालून बसले. पाय दिसेना, पण मांडी उडायची, खुर्ची करकरायची, आणि बटण करकर ऐकून खोडायची. मग सोफ्यावर आडवे पडून बघितलं. अंगठा हलला. "अहो, तुमचं सगळं अंगच ब्रेक आहे," बायकोने हात टेकले. "सुंभ जळेल पण तुमचा पीळ जायचा नाही. तुम्ही उद्या घरात थांबूच नका."

"बाहेर कुठे जाऊ? आणि इथे तिचं चुकलं तर?"

"तर चुकेल," बायको म्हणाली. "तुमच्या मॅडमनी बादल्या उडवल्याच ना? फुलवाला अजून आहे जागेवर."

रविवारी संध्याकाळी मास्तर किल्ली घेऊन खाली उतरले आणि इमारतीसमोर लावलेल्या आपल्या गाडीत, आपल्या नेहमीच्या शेजारच्या सीटवर जाऊन बसले. वर पहिल्या मजल्याच्या खिडकीशी बटणाचं टेबल. आईने तिच्यापुढे गणितं ठेवली आणि ती भाजी निवडायला आत गेली.

बटण अडली. टेबलाखाली बघितलं. तिथे कुणी नव्हतं. तिने खिडकीतून खाली बघितलं. बाबाच्या गाडीचे मागचे लाल दिवे लागले. विझले. पुन्हा लागले. बराच वेळ तसेच लागून राहिले.

"आई!" बटण ओरडली. "बाबाला इथलं काही दिसत नाहीये, तरी तो ब्रेक मारतोय!"

आई हात पुसत आली. दोघी खिडकीत उभ्या राहून त्या दिव्यांकडे बघत राहिल्या. शेजारच्या सायकलवाल्याने गाडीच्या काचेतून आत डोकावून मास्तरांना विचारलं, "गाडी चालू होत नाही का? धक्का देऊ?" मास्तरांनी हातानेच नको म्हटलं.

"काय गं हा वेडा बाबा," बटण पोट धरून हसली. मग खुर्चीवर बसली आणि मघाचं अडलेलं गणित एका दमात करून टाकलं. चुकलं होतं ते. आईने बघितलं, ओठ मिटले आणि पुन्हा भाजीकडे गेली. थोड्या वेळाने खिडकीकडून तिला खोडण्याचा आवाज आला. कुणी 'टप्' केलं नव्हतं.

सोमवारी सकाळी बटणाचं पोट दुखलं, पण अर्धंच. मास्तर शाळेच्या फाटकाशी तिला सोडून आले आणि दिवसभर त्यांनी शिकाऊ लोकांच्या शेजारी बसून इतक्या वेळा ब्रेक लावला की एका शांत म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारलं, "मास्तर, गाडी मी चालवतोय की तुम्ही?" बँकेतल्या मॅडमना मात्र त्यांनी त्या दिवशी मोकळ्या मैदानात नेलं आणि सीटवर दोन्ही पाय पोटाशी घेऊन बसले. "गुडघा शोधू नका. समोर बघा," म्हणाले. मॅडमनी दोनदा गाडी बंद पाडली, तिसऱ्यांदा मैदानाला पूर्ण फेरी मारली आणि मास्तर खाली उतरल्यावर मुंग्या आलेल्या पायांनी लंगडत चालले.

पेपर बुधवारी मिळाला. बटण जिना चढतानाच ओरडत आली, "मी खारूताईजवळच! बाई म्हणाल्या, इथेच बस!"

मास्तरांनी पेपर हातात घेतला. एकही गणित कोरं नव्हतं. बरीच बरोबर होती, काही चुकली होती, आणि नऊ सत्ते बासष्ट असं ठसठशीत, अगदी अभिमानाने लिहिलेलं होतं. मास्तरांनी ते वाचलं. टप्.

"बाबा," बटण समजुतीच्या सुरात म्हणाली, "तो पेपर देऊन झालाय."

बायको पदर तोंडाला लावून वळली. मास्तरांनी पाय खुर्चीखाली ओढून घेतला आणि लेकीला जवळ घेतलं.

"आणि अडलीस तेव्हा काय केलंस?"

"खाली बघितलं," बटण म्हणाली. "माझेच बूट होते. मग मला वाटलं ते लिहून टाकलं."