बाबांवरचा संशय

परवा दवाखान्यात स्पिरिटचा वास आला आणि मी मनाने थेट वर्ध्याच्या डॉक्टरांच्या त्या जुन्या खोलीत जाऊन बसले. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली, आणि विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाची कप्तानही मीच. छातीवरची गार नळी उचलत डॉक्टर म्हणाले, "हृदयाची झडप खराब आहे. खेळ बंद."

मला लगेच शेजारी बसलेल्या बाबांचा संशय आला. घरी स्थळं येत होती, आणि माझी हाफपँट त्यांच्या डोळ्यांत सलायचीच.

"बाबा, यायले तुम्हीच पढवून ठेवलं न?"

बाबा ताडकन उठले. आता बसते एक, असं वाटलं. पण ते डॉक्टरांवरच ओरडले, "काहीबी सांगून राह्यले तुम्ही! माह्या पोरीले काई नाई झालं. चाल बाई, नागपूरले दाखवू."

त्यांचा आवाज फाटला होता. तेव्हा पहिल्यांदा मला डॉक्टरांचं खरं वाटलं.