अक्कांचा रस्ता

पापनाशमला लेकीकडे होते, तेव्हा मुलाचा फोन आला. सरोजा अक्का गेल्या. दुपारी जेवून पडल्या, त्या उठल्याच नाहीत. लेक म्हणाली, पुण्यवान, सुखाचं मरण आलं. मी मान डोलावली. पण तंजावूरच्या बसमध्ये बसले तरी डोळ्यांना पाणी येईना, नुसती लाज वाटत राहिली... आता महिना उलटून गेला, ती काही कमी झालेली नाही.

अक्का आमच्या शेजारीण. तमिळ घरातल्या, टेलिफोन ऑपरेटर म्हणून निवृत्त झालेल्या, मागेपुढे कुणी नसलेल्या. मी लग्न होऊन या गल्लीत आले तेव्हापासून आमच्या दोन घरांची भिंत सामाईक. आम्ही तंजावूरचे मराठी. बाहेरचा सगळा कारभार तमिळमध्ये, मराठी उंबऱ्याच्या आत. देवनागरी तर मी नोकरी संपल्यावर शिकले. पण या भाषेची आम्हाला एक मोठी सोय होती. दुकानदार असो, ऑटोवाला असो, घरी आलेला पाहुणा असो, त्याच्यासमोर त्याच्याचबद्दल खुशाल बोलावं, त्याला काही कळत नाही. माझ्या आईने मला हे लहानपणीच शिकवलं आणि मी माझ्या मुलांना.

आमची गल्ली मोठ्या रस्त्यावरचा सिग्नल चुकवायला बरी पडते, त्यामुळे दुचाक्या आणि ऑटो तिच्यातून सुसाट जातात. अक्कांच्या घरासमोरच पिळ्ळैयारचं, म्हणजे आपल्या गणपतीचं, लहानसं देऊळ. तिथे संध्याकाळी दिवा लावायचा त्यांचा नेम होता. पुढे गुडघे थकले, रस्ता ओलांडवेना, आणि नेम मोडला. मग महापालिकेने प्रयोग म्हणून काही महिन्यांसाठी गल्लीत रबरी गतिरोधक ठोकले, दोन्ही तोंडांशी मोठ्या कुंड्या ठेवून रस्ता अरुंद केला आणि मोटारींना एकेरी वाहतूक लावली. पहिल्याच आठवड्यात अक्का तेलाची वाटी घेऊन एकट्या पलीकडे गेल्या. परत आल्या त्या काशीला जाऊन आल्यासारख्या. आम्हाला मात्र गाडी काढली की लांबचा वळसा, आमच्या बोलीत सुत्ती, शिवाय गतिरोधकावर गाडीचं पोट घासायचं. आमच्या घरात त्या गतिरोधकांना शिव्या दिल्याशिवाय सकाळची कॉफी उतरत नसे.

मुदत संपल्यावर गल्लीतल्या मंगल कार्यालयात आढावा बैठक झाली. हे सगळं कायम ठेवायचं की काढायचं ते रहिवाशांनीच सांगावं, असं इंजिनिअर म्हणाले. आम्ही मराठी घरांतले अस्के, म्हणजे सगळे, एका रांगेत बसलो होतो आणि अक्कांना मीच हाताला धरून माझ्या शेजारी बसवलं होतं. माझे थोरले दीर पलीकडून वाकले आणि आमच्या मराठीत, आवाज मुळीच न दाबता म्हणाले, "एका म्हातारीच्या दिव्यासाठीं अस्क्या गल्लीनं लांबची सुत्ती घ्यावी काय? तिचे दिवस तरी किती राहिले?"

मी हसले. नुसती हसले नाही, वर भर घातली, की देवाला काय अंधारात दिसत नाही? अक्का समोर बघत होत्या. मग हात वर करायला सांगितलं, तेव्हा काढून टाकण्याच्या बाजूने अक्का सोडून आमच्या सगळ्या रांगेचे हात वर गेले. त्यात माझाही हात होता. इंजिनिअरांनी अक्कांना मुद्दाम विचारलं. गल्लीला सोयीचं ते मलाही चालेल, एवढंच त्या तमिळमध्ये म्हणाल्या.

घरी येताना त्यांना आधार द्यायला पुन्हा मीच. दाराशी पोचल्यावर त्यांनी माझा हात सोडला नाही. आणि बोलल्या त्या आमच्या मराठीत, थेट माझ्या सासूबाईंच्या हेलात.

"शांता, माझे दिवस किती राहिले, मजही ठाऊक नाहीं. राहिले तितके देवळास जावं म्हणून होतं."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. भिंतीपलीकडून ऐकून ऐकून त्यांना सगळं येत होतं, सगळं कळत होतं, आणि इतक्या वर्षांत त्यांनी ते एकदाही दाखवलं नव्हतं. मग मला एकेक आठवायला लागलं. नवी सून असताना सासूबाई मला घालूनपाडून बोलायच्या आणि थोड्याच वेळात अक्का भिंतीवरून हाक मारायच्या, शांताला जरा पाठवा, इडलीचं वाटायला हात हवाय. मी जायची तर पीठ केव्हाच वाटून झालेलं असायचं आणि माझ्यासाठी कॉफी तयार असायची. मी मूर्ख, मला तो योगायोग वाटायचा...

माफी मागायला गेले, तर त्यांनी तो विषय निघूच दिला नाही. आठवडाभरात गतिरोधक उखडले, डांबरात खिळ्यांची भोकं तेवढी राहिली. हात धरून नेते म्हटलं, तर म्हणाल्या, नेमाच्या देवळात आपल्या पायांनी जावं. त्यानंतर त्या दारातूनच पिळ्ळैयारला हात जोडत.

परवा संध्याकाळी मी तेलाची वाटी घेऊन रस्त्याच्या कडेला उभी राहिले. दुचाक्या थांबेनात. माझे गुडघे धड आहेत, तरी पाऊल टाकवेना. ओट्यावर बसलेल्या थोरल्या दिरांनी आमच्या मराठीत मोठ्यांदा सांगितलं, "उद्यां जा, शांता. आतां ती पाहावयास येत्ये काय?"

अक्कांच्या दाराला कुलूप होतं. ते समोर दिसत असूनही मी दिरांना हाताने खूण केली, हळू बोला.