तुटक्या टोकाचा तीन

थेल्मा ग्रुनवाल्ड लाल शेव्हेल गाडीच्या उघड्या बॉनेटखाली ओणवी झाली, तेव्हा गॅरेजमध्ये फक्त हीटरची घरघर होती. तिच्या मागे ऑझी ट्रास्क खिशात हात घालून उभा होता. दाराशी होता गाडीचा मालक, डुएन लस्क.

फ्लिंट शहराच्या आसपास कुणालाही अशी जुनी, ताकदवान गाडी घ्यायची असली की तो आधी थेल्माकडे यायचा. इंजिनांच्या कारखान्यात सव्वीस वर्षं काढलेली बाई. त्यातली नऊ वर्षं तयार इंजिनावर पोलादी ठसे हातोडीनं ठोकून नंबर उमटवण्यात गेली. गाडी ज्या इंजिनासह जन्मली तेच आजही तिच्यात असेल, तर किंमत दुप्पट. म्हणून लोक भलतंच इंजिन बसवायचे, त्याचा नंबर घासून टाकायचे आणि हवा तो ठोकायचे. थेल्मानं “ठीक” म्हटलं तरच गिऱ्हाईक पुढचं बोलायचं.

ऑझी तिचा शेजारी. फौजेत जाताना विसाव्या वर्षी अशीच लाल शेव्हेल त्यानं विकली होती. नंतर तीस वर्षं शाळेची बस चालवताना तो त्या गाडीबद्दल बोलत राहिला.

“काय म्हणतेस गं?”

“थांब की जरा. आत बसून बघ हवं तर.”

ऑझी लहान मुलासारखा स्टिअरिंगमागे जाऊन बसला. थेल्मानं चिंधीनं नंबराची जागा पुसली, टॉर्च तिरका धरला. धातू कापताना यंत्राच्या ज्या बारीक रेघा उठतात आणि नंबर घासला की पुसल्या जातात, त्या होत्या. अगदी हुबेहूब. मग तिला तीनचा आकडा दिसला. त्याचं खालचं टोक तुटलेलं होतं.

ती गाडी एकोणसत्तरची. आणि तीनचा तो पोलादी ठसा थेल्माच्याच हातून फरशीवर पडून तुटला होता चौऱ्याहत्तर साली.

“ओळखलंत वाटतं,” डुएन अगदी कानाशी येऊन म्हणाला. “तुमच्याच अंगणातल्या विक्रीत घेतला मी ठशांचा अख्खा संच. कॉफीच्या डब्यात होता. कारखान्याचा माल जेवणाच्या डब्यातून घरी आणलात ना, बाई? जुन्या गाड्यांच्या क्लबात सांगू? की ‘ठीक’ म्हणताय?”

आत ऑझी गिअर टाकून बघत होता. खट्. खट्. चाळीस वर्षांत कुणी तिच्याकडे बोट दाखवलं नव्हतं.

“ऑझी, खाली उतर.”

“का गं?”

“नंबर खोटा आहे. ठसे माझे आहेत. निवृत्त होताना चोरून आणले मी, आणि सहा वर्षांपूर्वी ह्याला विकले.”

“ए म्हातारे!” डुएननं बॉनेट धाडकन आपटलं. थेल्माची बोटं जेमतेम वाचली. ऑझी धावत मध्ये आला. सत्तरीतला तो माणूस मुठी वळून उभा राहिला, आणि डुएन मागे सरला.

परतताना गाडी ऑझी चालवत होता.

“मला ती हवी होती गं,” तो म्हणाला.

“ठाऊक आहे रे.”

गुरुवारी क्लबाच्या बैठकीत थेल्मा उभी राहिली आणि सगळं सांगून मोकळी झाली. दोघं जण खुर्च्या सरकवून निघून गेले. मग त्या सहा वर्षांत तिनं “ठीक” म्हटलेल्या एकूण एक गाडीच्या मालकाच्या दारात ती पुन्हा गेली. काहींनी दार उघडलं नाही. दोन गाड्या खोट्या निघाल्या. त्यांच्या नंबरात तीन नव्हता. तिच्याच संचातला सात होता, किंचित कललेला. तो सात नऊ वर्षं तिच्या रोजच्या हातातला, म्हणून पहिल्या वेळी तिनं डोळे झाकून तो खरा मानला होता. दोन्ही मालकांना तिनं तोंडावर सांगितलं. एकानं शिव्या घातल्या. दुसऱ्याच्या बायकोनं कॉफी पुढे केली.

पुढे तिला बोलावणी कमीच आली. ऑझीनं मे महिन्यात एक हिरवी शेव्हेल घेतली. इंजिन बदललेलं आहे, असं विकणाऱ्यानं आधीच सांगितलं होतं. थेल्माला त्यानं ती तपासायला सांगितलं नाही, पहिल्या फेरीला मात्र शेजारी बसवलं.