नागोजींची शाळापूर्व तालीम

यशवंतपूरच्या बाजारामागे नागोजींचं शिलाईचं दुकान आहे. पस्तीस वर्षं ते शाळांचे गणवेश शिवतायत आणि माप घेता घेता पोराचं भविष्यही सांगतायत. "हा मारणार," "हा मार खाणार," असं ते टेप गुंडाळत आईबापांच्या तोंडावर सांगून मोकळे होतात. तरी गिऱ्हाईक टिकून आहे, कारण शिवण पक्की आहे.

यंदा प्रश्न घरातच उभा राहिला. नातू विराट तीस मेला चार वर्षांचा होणार होता. एक जूनला ज्याला चार पूर्ण, तो एलकेजीत, असा शाळेचा नियम. म्हणजे पोरगं दोन दिवसांच्या फरकानं आत, आणि वर्गात सगळ्यात लहान.

"यंदाच घालायचं," सून मेघाश्री म्हणाली.

"पुढच्या वर्षी. मार खाईल."

"मामा, एलकेजीत कोण मारतं?"

हे नागोजींना विचारायला नको होतं. ते साडेचार वर्षांचे असताना वडिलांनी त्यांना नेऊन पहिलीत बसवलं होतं आणि हेडमास्तरांनी काही न विचारता वय सहा, जन्मतारीख एक जून असं लिहून टाकलं होतं. मग मंजुनाथ नावाच्या दांडगोबानं त्यांना सात वर्षं मारलं. पाटीनं मारलं, दप्तरानं मारलं, पंधरा ऑगस्टला झेंडावंदन होताच मारलं, आणि रविवारी शाळा नसते म्हणून गल्लीत येऊन मारलं. पुढचा दात त्यातच गेला. घरी मात्र सायकलवरून पडलो, असंच आजवर सगळ्यांना सांगितलेलं.

तीन आठवडे भांडण चाललं. एकदा स्टीलचा लोटा भिंतीवर आपटून चेपला. मुलगा किरणकुमार होसकोट्याच्या कारखान्यात सेफ्टीचं काम पाहतो. घरात आवाज चढला की तो सुरक्षेचा पहिला नियम पाळून गच्चीवर जातो. शेवटी मेघाश्रीनं परस्पर फॉर्म भरला.

"सरी, ठीक आहे," नागोजी म्हणाले. "जाऊ दे. पण तयारीनं जाईल."

दुसऱ्याच दिवशी त्यांनी एका पोत्यात चिंध्या ठासल्या, ते दुकानाच्या छताला टांगलं आणि त्याचं नाव ठेवलं मंजुनाथ. "आधी नाकावर! डोळ्यांत पाणी आलं की पोटात गुडघा! पडला की छातीवर बस!" ज्या पोराला तीन महिन्यांत 'अ' गिरवता आला नव्हता, त्यानं हे सगळं चार दिवसांत आत्मसात केलं. आठवड्याभरात त्यानं बापाचा चष्मा फोडला आणि आजीच्या नडगीवर लाकडी पट्टी हाणली. तुंगाबाई कळवळून खाली बसल्या. नागोजी म्हणाले, "स्वल्प अजून खालून मारायला हवी होती."

मग एका सकाळी प्रेमा नावाच्या बाई आपल्या मुलीला, काव्याला, मापासाठी घेऊन आल्या. त्याच शाळेत, एलकेजीतच जाणारी. इतकी चिमुकली, की नागोजींनी तिला स्टुलावर उभं केलं. ते वहीत आकडा लिहायला वळले, तेवढ्यात विराट आला. त्यानं तिला फ्रॉक धरून खाली ओढलं आणि नाकावर बुक्की मारली. रक्त थेट गणवेशाच्या पांढऱ्या कापडावर उडालं. मग गुडघा. मग तो छातीवर बसला आणि प्रत्येक ठोशाला ओरडू लागला, "मंजुनाथ! मंजुनाथ!"

काव्या रडली नाही. तिनं डोळे मिटले, दोन्ही हात डोक्यावर घेतले आणि अंग आखडून संपायची वाट पाहत पडून राहिली. ही रीत नागोजींना पाठ होती. ओरडायचं नाही. ओरडलं की जास्त बसतात.

त्यांनी नातवाला दंडाला धरून उचललं आणि अशी थोबाडीत दिली, की पोरगं कापडाच्या ताग्यांवर जाऊन आदळलं. त्याच क्षणी प्रेमाबाईंची पिशवी नागोजींच्या कपाळावर बसली. पिशवीत दोन नारळ होते.

"माणूस आहात का कोण!"

"आणखी एक मारा, अक्का," नागोजी म्हणाले.

त्यांनी मारली.

संध्याकाळी नागोजी कपाळावर टेंगूळ घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. विराट गालावर चार बोटांचे वळ घेऊन आईला चिकटला होता.

"यंदा नको," ते म्हणाले. "वर्षभर राहू दे घरी. शिकवलेलं सगळं विसरायला लावतो."

"शाळा उघडेल त्याच दिवशी जाईल तो," मेघाश्री म्हणाली. "तिथं पोरांवर लक्ष ठेवायला दोन बाई आहेत. तुमच्यावर कोण आहे?"

"अगं, पण सगळ्यात लहान. मार खाईल ना?"

"खाईल एखादवेळेस. मग घरी येऊन मला सांगेल." तिनं भाजी परतत मान वळवली. "मामा, हा मंजुनाथ कोण? खरं सांगा."

नागोजी नखानं दाराची चौकट खरवडू लागले.

"त्याच्या पायात बूट असायचे," ते म्हणाले. "आम्ही बाकीचे अनवाणी."

मेघाश्रीनं गॅस बंद केला आणि ऐकायला खाली बसली.