सुहासचा रणगाडा

हे आज बारीक ब्रशनं छोट्या रणगाड्याच्या चाकांवर चिखल रंगवत होते. आमचा सुहास असाच रणगाडा चालवायचा; त्यातच तो जळून गेला. तेव्हापासून यांनी त्याच्याबद्दल अवाक्षर काढलेलं नाही, फक्त ही प्लॅस्टिकची प्रतिकृती जोडत बसतात. मी विचारलं, "तो कुठं बसायचा यात?"

यांनी पुढचं इवलंसं झाकण दाखवलं.

"उघडा ना."

"उघडत नाही, चिकटवलंय. आतलं दिसत नाही, म्हणून आत काही केलंच नाही."

यांनी वरचा एकेक खिळा रंगवला होता, आणि पोरगा बसायचा तिथं नुसती पोकळी. माणूस दुःखसुद्धा असं बाहेरूनच निगुतीनं सजवत राहतो का?

"जेवायला येताय?"

"रंग वाळू दे."

मी एकटीच जेवले.