तांबडं पेट्रोल

बेळगाव आणि निपाणी यांच्या दरम्यान आमच्या दाजींइतका थकवणारा माणूस दुसरा झाला नाही. हे मी अधिकाराने सांगू शकतो, कारण ते चाळीस-पंचेचाळीस मैल त्यांच्या शेजारी बसून मी इतक्या वेळा कापले आहेत की रस्त्याकडेची झाडंसुद्धा मला पाहून मान फिरवत असावीत. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे, यजमान. निपाणीत त्यांची तंबाखूची वखार होती. मी बेळगावात हायस्कुलात मास्तर, बिऱ्हाड अनगोळला. दाजींना व्यसन नव्हतं. तंबाखूचा व्यापारी असून त्यांनी कधी विडी ओढली नाही, पत्त्याला हात लावला नाही, कोर्टाची पायरी चढली नाही. त्यांना फक्त एक मत होतं. ते मत त्यांच्या मोटारीच्या पोटात काय घालावं याविषयी होतं, आणि ते ऐकण्यासाठी देवाने मला मेव्हणा म्हणून जन्माला घातलं होतं.

मोटार अगदी लहान होती. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी चार-पाच वर्षं, बेळगावच्या लष्करी कॅम्पातला एक गोरा मेजर विलायतेला परत निघाला तेव्हा दाजींनी ती त्याच्याकडून घेतली. चार माणसं बसायची म्हटलं तर दोघांनी श्वास घ्यायचा आणि दोघांनी सोडायचा, एवढी जागा. चढावर तिला सायकलवाला मागे टाकायचा आणि वळून बघायचाही नाही. पण दाजींची मूळ समजूतच अशी होती, की जगातली कुठलीही वस्तू वाईट नसते, तिला चांगलं मिळालेलं नसतं. त्यांच्या म्हशीला सरकीबरोबर गूळ असायचा. वखारीच्या दाराच्या बिजागऱ्यांना ते घरचं लोणकढं तूप लावत, त्यामुळे मुंग्यांची रांग लागे आणि दार कुरकुरतच राही. आक्का म्हणायची, "अवो, बिजागरीला तूप लागत न्हाय, माणसास्नी लागतंय." त्यावर दाजी शांतपणे म्हणत, "दोघास्नी बी लागतंय."

त्या दिवसांत निपाणीत पेट्रोल सीलबंद डब्यांतून मिळायचं, साधं. बेळगावच्या कॅम्पात मात्र एका पंपावर दुसरंही असायचं. ते तांबड्या रंगाचं, भारी, साहेब लोकांच्या मोठ्या मोटारींसाठी आणलेलं. पंपाच्या माथ्यावर काचेचं भांडं होतं. पंपवाला दांडा हलवू लागला की ते तांबडं पेट्रोल त्यात चढायचं, आणि दाजी देवापुढे उभे राहावं तसे डोक्याचा रुमाल काढून उभे राहायचे. दर दोन-तीन आठवड्यांनी ते निपाणीहून एवढ्यासाठी यायचे. परत घरी पोचेपर्यंत टाकीतला तिसरा हिस्सा संपायचा. पुन्हा आणायला येताना आणखी एक तिसरा हिस्सा जायचा. म्हणजे ही मोटार मुख्यतः आपलं पेट्रोल आणण्यासाठीच धावत होती. हे मी एकदा पाटीवर मांडून दाखवलं तेव्हा दाजी म्हणाले, "मास्तर, तुझी पाटी बरोबर हाय. पर ती गाडीत बसत न्हाय."

तंबाखूचं पान हातात चुरगाळून, वास घेऊन, ते कुठल्या गावच्या रानातलं हे दाजी सांगायचे, आणि सहसा चुकायचे नाहीत. तीच विद्या त्यांनी पेट्रोलला लावली. तळहातावर चार थेंब घ्यायचे, चोळायचे, डोळे मिटायचे. मग हात माझ्या नाकापुढे यायचा. मला दोन्ही पेट्रोलांचा वास पेट्रोलसारखाच यायचा. मी तसं म्हटलं की ते आक्काला सांगत, "तुझ्या भावाला शिकवलंय लई, पर नाक दिलं न्हाय."

कॅम्पात एक म्हातारा मोटार-मिस्त्री होता. भला, कमी बोलणारा माणूस. दाजींनी एकदा त्याला मध्यस्थ केलं. मिस्त्रीने हात पुसले आणि समजुतीच्या सुरात सांगितलं, "सावकार, ह्या पेट्रोलचं काम एवढंच, की लई दाबलं तरी वेळंआधी पेटायचं न्हाय. मोठ्या मोटारीचं इंजिन पेट्रोलला लई दाबतंय. तिथं साधं घातलं तर आधीच भडकतंय आणि आत ठोके पडत्यात. तुमची गाडी बारकी. ती तेवढं दाबतच न्हाय. तिला साधं पुरं. भारी घालून जोर काय वाढणार न्हाय."

दाजींनी थोडा वेळ विचार केला. "म्हंजे ती बारकी हाय म्हणून तिनं भारी खायाचं न्हाय?"

मिस्त्रीने माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं. "घाला," तो म्हणाला, "अपाय काय न्हाय."

या शेवटच्या तीन शब्दांवर दाजींनी पुढची कित्येक वर्षं काढली. मिस्त्रीनेसुद्धा भारी पेट्रोल घालायला सांगितलंय, असं ते चिकोडीपर्यंत सांगत सुटले. मग तवंदीच्या घाटात परीक्षा सुरू झाल्या. निपाणीहून निघालं की थोड्याच वेळात हा घाट लागतो. त्याच्या पायथ्यापासून वरच्या वळणापर्यंत मोटार किती वेळात चढते, ते मी मांडीवर वही घेऊन लिहायचं. एकदा साध्यावर, एकदा तांबड्यावर. पहिल्या खेपेला दोन्ही वेळा सारख्याच आल्या. "आज वारं समोरनं हुतं," दाजी म्हणाले. दुसऱ्या खेपेला साधंच अंमळ पुढे निघालं. दाजींनी मला नखशिखांत न्याहाळलं आणि विचारलं, "मास्तर, सकाळी भाकरी किती खाल्लास?" माझी सुट्टी म्हणजे ही. लोक सुट्टीत कुठेकुठे जातात. मी तवंदीचा घाट चढत असे, आणि वर पोचल्यावर पुन्हा खाली येत असे.

एकदा दाजी माझ्या घरी जेवत असताना मी त्यांच्या मोटारीत बसून, शेजारच्या ड्रायव्हरला घेऊन, पंपावर गेलो. पंपवाला म्हणाला, तांबडं आज आलेलंच नाही. मी कंटाळलो होतो, ऊन होतं. साधं भरून आणलं आणि काही बोललो नाही. त्या दिवशी मलाही निपाणीला जायचं होतं. यमकनमर्डीपासून दाजी खुलले. "बघ, बघ कशी ओढतीया. साध्यावर कधी अशी पळालीती? आवाज ऐक. लोण्यासारखा." मी बाहेर बघत राहिलो. घरी पोचल्यावर आक्काला माजघरात गाठून मी सगळं सांगितलं. वाटलं, ती हसेल. ती हसली नाही. "सांगू नगंस त्यास्नी," ती म्हणाली. "तुला काय, एक गंमत हुईल. त्यास्नी लई लागंल." मी गप्प राहिलो, आणि बरीच वर्षं गप्प राहिलो.

मग युद्ध आलं. तांबडं पेट्रोल पंपावरून नाहीसं झालं, साधं कुपनावर मिळू लागलं. सर्व्हिस मोटारींच्या, म्हणजे तेव्हाच्या बसगाड्यांच्या, पाठीला कोळशाच्या भट्ट्या लागल्या. त्या कोळशाच्या धुरावर चालायच्या आणि घाट आला की उतारू खाली उतरून ढकलायचे. दाजींची मोटार वखारीत पोत्यांखाली झोपली. दाजी रोज जाऊन तिचं हँडल दोन वेळा फिरवून यायचे. बोलणं मात्र चालूच होतं. युद्ध संपल्यावर टाकी एकदा धुऊन घ्यायची, साध्याचा अंशसुद्धा राहू द्यायचा नाही, वगैरे.

युद्धातल्या एका दिवाळीच्या सुट्टीत मी निपाणीला गेलो होतो. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी पहाटे आक्काच्या पोटात दुखायला लागलं. उजव्या बाजूला हात लावू देईना. गावातले डॉक्टर आले, त्यांनी पाहिलं आणि दाजींना ओसरीवर नेऊन सांगितलं की आतडं सुजलंय, कापायला लागेल, आजच्या आज बेळगावला न्या. सर्व्हिस मोटार दुपारी सुटायची आणि संध्याकाळपर्यंत पोचली तर पोचली. दाजींची कुपनं संपली होती. ते रुमाल न बांधताच घराबाहेर पडले. तासाभराने आले तेव्हा त्यांच्या हातात अर्धा डबा साधं पेट्रोल होतं. कुणा लॉरीवाल्याकडून मागून आणलं होतं. तेवढ्यावर बेळगाव गाठणं शक्य नव्हतं. ते आत गेले आणि घरातला रॉकेलचा डबा घेऊन आले. मग शेजारच्या दोन घरांतून बाटल्या आल्या. थोडं पेट्रोल बाजूला काढून बाकीच्यात दाजींनी स्वतःच्या हाताने ते रॉकेल ओतलं. वास घेतला नाही. मला म्हणाले, "आधी निव्वळ पेट्रोलवर गरम करू, मग हे घालू. चालंल न्हवं रं?" आयुष्यात पहिल्यांदा ते मला पेट्रोलबद्दल काही विचारत होते. मला काहीच माहीत नव्हतं. मी म्हटलं, "चालेल."

मोटार चालली. मागे काळा धूर सोडत, खोकत, गाव ओलांडून गेली. तवंदीचा चढ लागला आणि आत ठोके पडू लागले. लोखंडावर कुणी लहान हातोडी मारावी तसा कडकड आवाज. मिस्त्रीने सांगितलेले ठोके ते हेच असावेत. प्रत्येक ठोक्याला दाजींचा खांदा किंचित आक्रसायचा. मी उतरलो, वजन कमी झालं. दाराला खांदा लावून शेजारून चालू लागलो. आक्का मागच्या सीटवर मुडपून पडली होती. ओठ पांढरे झाले होते. वरच्या वळणाखाली गाडी जवळजवळ थांबली तेव्हा ती क्षीण आवाजात म्हणाली, "अवो, जरा दमू द्या तिला."

"तू गप पड," दाजी म्हणाले. मी सगळा जोर लावला. गाडी वळण चढली.

पुढे हत्तरगी, यमकनमर्डी, एक-एक गाव येत गेलं आणि अकराच्या सुमारास आम्ही बेळगावला दवाखान्यात पोचलो. आक्काला लगेच आत घेतलं. दुपारी डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, वेळेवर आणलंत, आता भीती नाही. दाजींनी त्यांना नमस्कार केला आणि व्हरांड्याच्या पायरीवर बसले. मीही बसलो. माझा खांदा सोलला होता. समोर झाडाखाली मोटार उभी होती, काजळी धरलेली. तिच्याकडे बघत दाजी म्हणाले, "राकेलवर आली की रं ती, मास्तर."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण मी दमलो होतो, आक्का वाचली म्हणून आतून सैल झालो होतो, आणि इतक्या वर्षांचा हा वाद एकदाचा मिटवून टाकावा असं मला वाटलं. मी त्यांना ती जुनी गोष्ट सांगितली. पंपावर तांबडं नव्हतं, मी साधंच भरून आणलं होतं, आणि तुम्ही त्यालाच लोण्यासारखं म्हणालात.

"व्हय?" दाजी म्हणाले. मग, "चांगली पळालीती त्या दिशी."

"पळाली होती."

त्यांनी मान हलवली आणि आपले रॉकेलने माखलेले हात बघत बसले. मला वाटलं होतं, जिंकल्यावर माणसाला बरं वाटतं.

त्यानंतर दाजी पेट्रोलबद्दल बोलले नाहीत. युद्ध संपलं, वर्षभराने कॅम्पात तांबडं पेट्रोल पुन्हा आलं. एकदा आम्ही त्या पंपावरून गेलो, काचेच्या भांड्यात ते चढताना दिसत होतं. दाजींनी तिकडे पाहिलं नाही. गाडी निपाणीच्या साध्यावर चालत होती, जशी पूर्वी चालायची तशीच. बिजागऱ्यांना खोबरेल तेल लागू लागलं, दारं कुरकुरायची थांबली. घरात ऐकू येण्यासारखं फारसं काही उरलं नाही. ते बेळगावला येईनात, मीच सुट्टीत जात राहिलो. निवांत जेवायचो, निवांत झोपायचो. या निवांतपणासाठी मी इतकी वर्षं झुरलो होतो, पण दोन दिवसांत मला घरी परत जावंसं वाटू लागायचं.

एका मे महिन्यात आक्काने मला माजघरात बोलावलं. ऑपरेशननंतर ती वाळली होती, पण कामाला पहिल्यासारखीच होती. "तू त्यास्नी काय सांगिटलास ते मला ठावं हाय," ती म्हणाली. रागावून नाही. "त्यांनीच सांगिटलं. आता एक काम कर. भाईर जा आणि त्यास्नी इचार, कुठलं पेट्रोल चांगलं म्हणून."

"आक्का, आता कशाला?"

"इचार म्हणतीय न्हवं."

मी ओसरीवर गेलो. दाजी झोपाळ्यावर बसून कानडी पेपर वाचत होते. मी त्यांच्याजवळ बसलो आणि घसा खाकरून विचारलं, की आमच्या शाळेतले एक मास्तर लहान मोटार घेणार आहेत, त्यांना पेट्रोल कुठलं सुचवावं. असा कुणी मास्तर नव्हता. आमच्या शाळेत सायकल घेणाराही कुणी नव्हता.

दाजींनी पेपर खाली केला. "कसली गाडी?"

"बारकी."

"बारकी असंल तर," ते सावकाश म्हणाले, "बारक्या गाडीला लोक साधं घालत्यात. घालू देत. पर कसं हाय, मास्तर, गाडी जुनी असली, चढ असला, आत काजळी धरली असली, तर..." त्यांचा हात नेहमीसारखा वर उचलला गेला, आणि मध्येच थांबला. ते आतल्या दाराकडे बघू लागले. आत भांड्यांचा आवाज चालू होता. "तर साधं बी चांगलंच म्हणायचं," ते म्हणाले आणि पेपर पुन्हा उचलू लागले.

आतला भांड्यांचा आवाज थांबला.

"बोला की," आक्का तिथूनच म्हणाली. "ऐकतीय मी."